रेडियमची अक्षरे कशी कापतात

तालुक्याच्या गावी स्टँडच्या आसपास एक छोटे दुकान दिसते. दुकानाच्या भिंतीवर रंगीत गुंडाळ्या लटकवलेल्या असतात. लाल, पिवळ्या, पांढऱ्या, सोनेरी. दारात कुणाची तरी मोटरसायकल उभी असते. कुणाला टाकीवर मुलाचे नाव हवे असते. कुणाला ट्रॅक्टरवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहून हवे असते. दुकानदार थोड्या वेळात अक्षरे कापतो आणि चिकटवून देतो. आपल्याकडे त्याला रेडियमवाला म्हणतात. आणि त्या चिकट, रंगीत मालाला म्हणतात रेडियम.

नाव रेडियम, पण त्यात रेडियम मुळीच नसते. खरे रेडियम हा एक धातू आहे. १८९८ साली मारी क्यूरी आणि पिएर क्यूरी या नवराबायकोने पॅरिसमध्ये तो शोधून काढला. पूर्वी रेडियम घातलेला रंग घड्याळाच्या काट्यांना लावत. मग काटे अंधारात चमकत. पण हा धातू फार घातक. अमेरिकेच्या कारखान्यांत तो रंग लावणाऱ्या कितीतरी तरुण मुली आजारी पडल्या, काही दगावल्या. पुढे तो रंग बंद झाला. चमकत्या वस्तूला रेडियम म्हणायची सवय तेवढी राहिली. तेव्हा दुकानातल्या रेडियमला भिण्याचे कारण नाही. ते साधे प्लॅस्टिक आहे. त्याचे खरे नाव व्हिनाईल.

आता हे कापायचे यंत्र घरातही आले आहे. ते टेबलावर मावते. बचत गटातल्या बायका आम्हाला विचारतात, “हे यंत्र घेतलं तर आमचं भागेल का? शिकायला अवघड आहे का?” म्हणून हा धडा लिहिला आहे. यंत्र कसे चालते ते आधी पाहू. घ्यायचे की नाही, ते नंतर.

व्हिनाईलचा एक तुकडा हातात घ्या. तो एक दिसतो, पण त्यात तीन थर असतात. वर रंगीत प्लॅस्टिकचा पापुद्रा. त्याच्या पाठीला गोंद. आणि खाली गुळगुळीत कागद. या कागदाला असा लेप दिलेला असतो की गोंद त्याला घट्ट धरत नाही. म्हणून कागद सहज सुटतो.

वरचा पापुद्रा किती जाड असतो? एका मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यातले सात-आठ भाग, एवढाच. म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाएवढा. खालचा कागद त्याहून जाड असतो.

आता नीट लक्ष द्या. सगळी गोष्ट इथेच आहे. यंत्राने वरचा पापुद्रा कापायचा आणि खालचा कागद कापायचा नाही. केसाएवढ्या जाडीत पाते थांबले पाहिजे.

दिवाळीत आपण शंकरपाळे करतो. पोळपाटावर पोळी लाटतो आणि तिच्यावर कातण फिरवतो. पोळी कापली जाते, पोळपाट कापला जात नाही. इथे तसेच आहे. फरक एवढाच की पोळपाट लाकडाचा असतो, तो कातणीला दाद देत नाही. इथे खाली कागद आहे. पाते जरा खोल गेले की कागदही कापला जातो. मग अक्षर उचलताना कागदाचा तुकडा बरोबर येतो. गोंदाला कागद चिकटलेला राहतो. असे अक्षर पाटीवर बसत नाही, सगळा माल फुकट जातो. उलट पाते वरच राहिले तर पापुद्रा अर्धवट कापला जातो. उचलताना अक्षर ताणले जाते, काना वाकडा होतो, वेलांटी तुटते.

ही युक्ती आजची नाही. १९३५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात स्टँटन एव्हरी नावाच्या माणसाने चिकट लेबले करायला सुरुवात केली. दुकानातल्या मालावर किमतीची चिठ्ठी लावायची, तिला पाणी किंवा खळ लागू नये, अशी त्याची कल्पना. त्याच्याजवळ भांडवल नव्हते. त्याची होणारी बायको शाळेत शिकवत असे. तिने त्याला १०० डॉलर दिले. त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर आणली, शिवणयंत्राचे भाग आणले, आणि त्यातून आपले यंत्र जुळवले. वरची चिठ्ठी कापावी पण खालचा कागद अखंड राहावा, हीच त्याचीही खटपट होती.

आजच्या घरगुती यंत्रात काय असते? एक लांबट पेटी. तिच्यात एक रूळ असतो. व्हिनाईलचा तुकडा रुळाखाली धरला की रूळ त्याला पुढे-मागे सरकवतो. वर एक छोटा गाडा असतो. तो डावी-उजवीकडे धावतो. गाड्यात पाते बसवलेले असते. कागद पुढे-मागे आणि पाते आडवे, या दोन चाली एकदम चालल्या की हवी ती गोलाई कापता येते. बहुतेक घरगुती यंत्रांत १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीचा माल बसतो.

पाते पाहाल तर हसू येईल. पेन्सिलीच्या शिशाएवढे बारीक. टोक तिरपे घासलेले. ते आपल्या जागी गरगर फिरू शकते. त्याला कुणी फिरवत नाही, ते ओढले जाते तसे वळते. बैल वळले की गाडी मागोमाग वळते ना? तसेच. पात्याचे टोक मधल्या रेघेच्या किंचित मागे असते, म्हणून गाडा जिकडे जाईल तिकडे त्याची धार आपोआप वळते. पात्याच्या खोबणीत गोंद किंवा प्लॅस्टिकचा कण अडकला तर ते वळत नाही. मग कोपरे नीट येत नाहीत. म्हणून काम झाले की पाते काढून फुंकर मारावी, मऊ ब्रशने झटकावे. बोटाने धार पाहू नये. दिसायला एवढेसे, पण खोल जखम करते.

पात्याची खोली ठरवायची कशी? यंत्राबरोबरच्या पुस्तकात आकडे दिलेले असतात. ‘व्हिनाईलसाठी पाते अमुक, दाब अमुक.’ ते आकडे सुरुवातीला घ्यावेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. एका कंपनीचे व्हिनाईल जाड, दुसरीचे पातळ. नवे पाते तेज, जुने बोथट. पुस्तकाला हे कुठून ठाऊक?

म्हणून दर वेळी आधी नमुना कापावा. मालाच्या कोपऱ्यात नखाएवढा चौकोन, त्याच्या आत एक त्रिकोण. एवढे कापायला काही क्षण लागतात. मग त्रिकोण टाचणीने उचलून पाहा. तो अलगद निघाला, चौकोन जागेवर राहिला आणि खालच्या कागदावर फक्त फिकट ओरखडा दिसला, तर खोली बरोबर आहे. कागद उलटा करून पाठ पाहा. पाठीवर रेघ उमटली असेल तर पाते खोल जाते आहे. अशा वेळी टोक थोडे आत घ्या. आत घेऊनही जमले नाही, तर दाब कमी करा. दोन्ही गोष्टी एकदम बदलू नका. मग बिघडले कशाने आणि सुधारले कशाने, तेच कळत नाही.

आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले, लोक नमुना कापायचा कंटाळा करतात. एक त्रिकोण वाचवायला जातात आणि हातभर माल घालवतात.

आता अक्षरांकडे वळू. यंत्र वाचू शकत नाही. कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर आपण नाव लिहितो, आणि त्याच्या कडांवरून यंत्र पाते फिरवते. नाव चुकले असेल तर चुकलेले नाव ते तितकेच सुबक कापते.

आणि आपली लिपी त्याला जरा जड जाते. ‘निर्मला’ हे नाव घ्या. यात न ला ऱ्हस्व वेलांटी आहे. ती अक्षराच्या आधी येते. म वर रफार आहे. तो र डोक्यावर जाऊन बसतो. काही कॉम्प्युटरच्या कार्यक्रमांना हे कळत नाही. मग वेलांटी न च्या मागे जाऊन पडते, रफार सुटून नुसता पाय मोडलेला र दिसतो. घाईत कुणी पाहिले नाही तर निर्मलाबाईंच्या दारावर भलतेच नाव लागायचे! म्हणून कापायच्या आधी नाव मोठ्याने वाचा. ज्याचे नाव आहे त्याच्याकडूनही वाचून घ्या. त्याला वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. शब्द चुकीचा दिसत असेल तर दुसरे वळण, म्हणजे दुसरा फॉन्ट, घेऊन पाहा. तेही जमले नाही, तर दुसऱ्या ठिकाणी बरोबर लिहिलेल्या नावाचे चित्र करून यंत्राला द्यावे.

दुसरी अडचण शिरोरेघेची. कागदावर आपण आधी अक्षरे काढतो आणि वरून एकच रेघ ओढतो. कॉम्प्युटरमध्ये मात्र प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर त्याची त्याची रेघ असते. शेजारच्या अक्षराची रेघ तिच्यात थोडी घुसलेली असते. डोळ्यांना ती एकच दिसते. पण यंत्र प्रत्येक अक्षर वेगळे समजते. जिथे दोन रेघा एकमेकींत घुसल्या तिथे ते दोन्ही कडा कापते. शिरोरेघेचे तुकडे पडतात. पाटी लागते तेव्हा ते दिसत नाही, पण त्या फटींत पाणी शिरते, धूळ बसते, आणि एक-दोन पावसाळ्यांत तुकडे सुटू लागतात.

यावर उपाय सोपा आहे. कापण्याच्या कार्यक्रमात अक्षरे एकमेकांत सांधण्याची सोय असते. बऱ्याच ठिकाणी तिला ‘वेल्ड’ म्हणतात. लोहार लोखंडाचे दोन तुकडे जोडतो, त्यालाही आपण वेल्डिंगच म्हणतो. सगळा शब्द निवडून वेल्ड केला की तो एकसंध होतो. झाला की नाही ते पाहायचे असेल तर रंग काढून नुसत्या कडा पाहा. शिरोरेघेत मधेच उभ्या चिरा दिसल्या तर वेल्ड राहिले आहे.

एकदा सांधले की मात्र आपल्या लिपीसारखी सोय नाही. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी असतात. एक-एक सांभाळावे लागते. आपला शब्द दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा शिरोरेघेला लटकलेला असतो. रेघ धरली की सगळा शब्द बरोबर येतो, ओळ वाकडी होत नाही. सुटी राहतात ती फक्त अनुस्वाराची टिंबे. ‘नंदा’मधले टिंब फार बारीक असेल तर तेच आधी पडते, आणि ‘नंदा’ची ‘नदा’ होते. म्हणून वळण निवडताना टिंब ठसठशीत आहे का ते पाहावे. पहिल्या पाटीला अक्षरे निदान दोन बोटे उंच ठेवा. बारीक अक्षरांच्या मागे नंतर लागा.

कापून झाले की नको असलेला भाग काढायचा. अक्षरांच्या भोवतालचे आणि पोटातले व्हिनाईल उचलून टाकायचे. म च्या पोटातला तुकडा, ब मधले दोन. या कामाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ काय माहीत आहे? निंदणी! तुम्ही निंदणी म्हणा, खुरपणी म्हणा, कोकणात बेणणी म्हणा, पीक ठेवायचे आणि तण काढायचे. ज्या बाईचा हात भातात किंवा भुईमुगात निंदायला बसला आहे, तिला हे काम लवकर येते. टोकदार आकडा किंवा चिमटा घ्यावा. कोपऱ्यापासून सुरुवात करावी. तुकडा सरळ वर उपटू नये. कागदाला जवळजवळ टेकवून, मागे दुमडत ओढावा. मग अक्षर त्याच्याबरोबर उठत नाही.

आता अक्षरे कागदावर आहेत, ती पाटीवर न्यायची आहेत. त्यासाठी कमी चिकट अशी रुंद पट्टी मिळते. तिला ट्रान्सफर टेप म्हणतात. ती अक्षरांवर लावावी, जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने घासावी. मग खालचा कागद काढावा. अक्षरे टेपला चिकटून राहतात. टेप पाटीवर टेकवावी, मधून कडांकडे घासत जावे, आणि टेप हळू सोलावी. मोठी पाटी असेल तर पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाकून ते पाटीवर शिंपडावे. अक्षरे ओलीवर सरकवता येतात. जागेवर आली की पाणी घासून बाहेर काढावे. असे केले तर टेप काढण्याआधी पाटी वाळू द्यावी.

पण पाटी कशाची? हे आधी विचारायला हवे. काच, पत्रा, स्टील, फरशी, चांगला वाळलेला ऑइलपेंट, यांवर व्हिनाईल बसते. चुन्याच्या भिंतीवर बसत नाही, मातीच्या भिंतीवर तर नाहीच. गोंद भिंतीला न चिकटता चुन्याच्या भुकटीला चिकटतो, आणि भुकटी गळते. नवा ऑइलपेंट असेल तर काही आठवडे थांबावे, नाहीतर खालून फुगे येतात. पाटी स्पिरिटने पुसावी. बोटांचे तेलही नडते. थंडीत भल्या पहाटे गार पत्र्यावर लावू नये, ऊन आल्यावर लावावे. काचेच्या आतून लावायचे आणि बाहेरून वाचायचे असेल, तर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी कापायची.

आता यंत्र घ्यायचे की नाही? आमचे मत विचाराल तर घाई करू नका. हे यंत्र साध्या शिवणयंत्रापेक्षा बरेच महाग पडते. शिवाय पाते झिजते, ते पुन्हापुन्हा विकत घ्यावे लागते. टेप लागते, माल लागतो. आणि लाईट लागते. अर्धे कापून झाल्यावर लाईट गेली तर पाते पुन्हा नेमक्या त्याच जागी येईल याचा भरवसा नसतो. भारनियमन कधी असते ते पाहून काम धरावे.

गटाने आधी गावातली गिऱ्हाइके मोजावीत. घरावर नावाची पाटी कितीजणांना हवी? अलीकडे लेकीचे, सुनेचे नाव दारावर लावतात, ही चांगली गोष्ट आहे. पण एका घराला एकच पाटी लागते, आणि ती वर्षानुवर्षे टिकते. गाव संपले की काम संपले. नेहमीचे काम असते ते बरण्यांवरच्या नावांचे, लोणचे-पापडाच्या डब्यांचे, दुकानांच्या काचांचे, लग्नाच्या भेटवस्तूंचे. ते गिऱ्हाईक तालुक्याला मिळते. तिथे रेडियमवाला आधीच बसलेला आहे. त्याच्याकडे महिना-दोन महिने तुमच्या पाट्या कापून घ्या आणि विकून पाहा. खपल्या तर यंत्राचा विचार करा. गावात जुना पेंटर असेल तर त्याला बरोबर घ्या. कापणे कुणालाही शिकता येते. पण अक्षराची ठेवण आणि दोन अक्षरांमधली जागा त्याच्या डोळ्यांत आहे. ब्रश सुटला म्हणून ती नजर गेली नाही.

दोन कामे घेऊ नका. एक म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटचे. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या नव्या गाड्यांना सरकारी नियमाची सुरक्षा नंबरप्लेट गाडीबरोबरच मिळते. जुन्या गाड्यांनाही महाराष्ट्रात तीच लावायला सांगितले आहे. व्हिनाईलचे आकडे तिथे चालत नाहीत, मालकाला दंड होतो. दुसरे, पेल्याच्या ओठाला लागेल अशा जागी किंवा ताटाच्या आतल्या बाजूला चिकटवायचे. गोंद आणि प्लॅस्टिक अन्नाला लागू नये.

रात्री दिव्याच्या उजेडात लखलखणारा माल वेगळा. त्यात काचेचे अगदी बारीक मणी असतात. ते दिव्याचा उजेड दिव्याकडेच परत पाठवतात. ऊसाच्या ट्रॉलीला, बैलगाडीला मागून तो जरूर लावावा. अंधारात मागून येणाऱ्याला गाडी दिसते. पण तो माल जाड असतो आणि घरगुती यंत्राचे पाते लवकर बोथट करतो. त्याच्या तयार पट्ट्या मिळतात, त्या कात्रीने कापून लावाव्यात.

उरलेल्या तुकड्यांचे काय करावे? चुलीत किंवा शेकोटीत घालू नका. व्हिनाईलमध्ये क्लोरीन असते. जळताना त्यातून आम्लाचा धूर निघतो. तो डोळ्यांना झोंबतो, छातीला त्रास देतो, आणि घरात लहान मूल असेल तर आणखी वाईट. लेझरच्या यंत्रावरही व्हिनाईल कापू नये, कारण तेही जाळूनच कापते. मोठे तुकडे बाजूला ठेवावेत, टिंबे आणि नमुन्याचे त्रिकोण त्यातून निघतात. बाकीचे पिशवीत भरून सुक्या कचऱ्यात द्यावे.

जुनी पाटी काढायची असेल तर दुपारच्या उन्हात काढावी. उन्हाने गोंद मऊ होतो. कोपरा नखाने सोडवावा आणि हळूहळू मागे दुमडत ओढावे. गोंद राहिला तर त्यावर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवावे, मग फडक्याने पुसावे. नंतर साबणाने धुवावे. तेल राहिले तर नवे अक्षर धरत नाही.